दोन मुठींची करवत

मित्रांनो, मला दोन मुठी आहेत. या टोकाला एक, त्या टोकाला एक, मधे सहा फूट पोलाद आणि खाली दाते. मी जुनी करवत आहे, पण सुताराच्या पेटीत मावणारी, एकट्यानं चालवायची ती नव्हे. मला दोन माणसं लागतात. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात. टाळीचं मला ठाऊक नाही, पण एका माणसानं मी चालत नाही हे मी छातीठोकपणे सांगते. करवतीला छाती नसते हे मलाही माहीत आहे, उगाच चुका काढू नका.

सध्या मी एका फर्निचरच्या कंपनीत, चौथ्या मजल्यावर, प्रशिक्षणाच्या खोलीत भिंतीवर टांगलेली असते. कोणाला लागू नये म्हणून माझ्या दात्यांवर वार्निश फासलं आहे. माझी एक मूठ खिडकीकडे आहे, दुसरी दिव्यांच्या बटणांकडे. खाली पाटी आहे, 'एकी हेच बळ'. गेली एकोणीस वर्षं मी त्या पाटीच्या वर एकटी लटकते आहे.

महिन्यातून दोनदा या खोलीत माणसं येतात. काही नोकरीला नवी लागलेली, काही जुनी पण सुधारायला धाडलेली. प्रशिक्षक बाई पडद्यावर तीन शब्द उमटवतात, सहकार्य, नेतृत्व आणि संवाद. मग हातातली काठी माझ्याकडे करून म्हणतात, "ही करवत बघा. एकजण ओढतो, दुसरा ढकलतो. यालाच म्हणतात टीमवर्क." सगळे वह्यांत लिहून घेतात.

अहो बाई, ढकलत नाहीत हो. माझं पातं किती पातळ आहे ते बघा तरी. ढकललं की ते वाकतं आणि लाकडात अडकून बसतं. एकोणीस वर्षं मी ही चूक ऐकते आहे आणि मला तोंड नाही. दाते आहेत, तोंड नाही, असं माझं नशीब. म्हणून आज तुम्हाला सांगते. बाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

माझं पोलाद कुठल्या भट्टीतलं ते मला आठवत नाही. मला आठवतं ते कानशीनं दाते घासले जाण्यापासूनचं. घासणारा माणूस एका लाकडाच्या वखारीचा मुकादम होता. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्यानं मला विकत आणलं, धार लावली आणि स्वतःच्या हातानं दोन मुठी बनवल्या. एक त्याच्या उजव्या हाताला बसेल अशी. दुसरी जराशी वाकडी, कारण त्याचा जोडीदार डावखुरा होता. वखारीत त्याला सगळे डावराच म्हणत. तो मुकादमाचा साडू, म्हणजे दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. वखारीत नवीनच लागला होता, वयानं दहाएक वर्षांनी लहान.

उजवा आणि डावरा समोरासमोर उभे राहिले की दोघं ओंडक्याच्या एकाच अंगाला येतात. मान वर केली की समोरच्याचं तोंड दिसतं. ही गोष्ट तेव्हा मला फार महत्त्वाची वाटली नव्हती.

पहिल्याच दिवशी डावऱ्यानं जोर दाखवायला मला पुढे ढकललं. मी मधोमध वाकले आणि ओंडक्यात रुतले. मुकादमानं मला बाहेर काढलं, पुसलं, आणि म्हणाला, "ढकलायचं नाही. ओढायची ती आपली. सोडायची ती समोरच्याची."

"सोडायची म्हणजे काय करायचं, दादा?"

"काही नाही करायचं. हात सैल ठेवून तिच्याबरोबर जायचं. तेच अवघड असतं."

"आणि मला कसं कळणार, तुमचं ओढून झालंय ते?"

"मी 'घे' म्हणेन. मग तू ओढ. तुझं झालं की तू म्हण, 'घे'."

डावरा गप्पिष्ट माणूस. तो म्हणाला, "आणि मला आधीच हवी असली तर 'दे' म्हणू का?"

"करवतीवर 'दे' म्हणायचं नाही," मुकादम म्हणाला. "इथं कोणी मागत नाही. समोरचा देतो, तेव्हा घ्यायची."

मित्रांनो, मी आयुष्यात एवढाच एक शब्द शिकले. घे. दिवसातून हजारदा, या टोकाकडून आणि त्या टोकाकडून. 'घे' म्हणजे माझं झालं, आता तुझी पाळी, मी सैल सोडलं आहे, तू काळजी करू नकोस. एवढं सगळं त्या एका अक्षरात मावायचं.

दुसरा नियम थप्पीचा होता. वखारीत मोठाले ओंडके एकावर एक रचून ठेवत, आणि ते गडगडू नयेत म्हणून खाली लाकडाची पाचर ठोकत. ओंडका हवा असला की पाचर काढायची. काढण्याआधी मोठ्यानं ओरडायचं, "पाचर!" पलीकडून "हो" आला की मगच काढायची.

"आणि 'हो' नाही आला तर?" डावऱ्यानं विचारलं होतं.

"तर उभं राहायचं."

"दहा मिनिटं नाही आला तर?"

"दहा मिनिटं उभं राहायचं. पाय मोडण्यापेक्षा पाय दुखलेले बरे."

हा नियम मुकादमानंच घातला होता. पुढं काय झालं ते ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

अकरा वर्षं आम्ही तिघांनी काम केलं. आमचा काप इतका गुळगुळीत असायचा की वखारीचा मालक त्यावर तळहात फिरवून म्हणायचा, "लाकूड कापलं की लोणी?" आजूबाजूच्या वखारीतले लोक बघायला यायचे. दुपारी दोघं माझ्याशेजारी भुशावर बसून जेवायचे. डावऱ्याची म्हातारी आई दोघांचे डबे एकाच फडक्यात बांधून द्यायची. मुकादमाच्या डब्यात एक घास जास्तच असायचा आणि डावरा त्यावरून रोज कुरकुर करायचा, "पोटचा मुलगा मी, आणि लाड साडूचे." मुकादम हसायचा आणि जास्तीचा घास त्याच्याच डब्यात टाकायचा. मला तेव्हा वाटायचं, हे असंच चालायचं.

मग शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्राची करवत आली. मी तिच्यावर जळते असं समजू नका. थोडी जळत होते. पण खरं वाईट होतं ते तिचं ओरडणं. कानाचे पडदे फाटतील असं ती किंचाळायची. तिच्यावर माणसांचा हात बसेपर्यंत त्यांच्याजवळ कोणीतरी उभं राहायला हवं, म्हणून मुकादम रोज सकाळचे चार तास तिच्याशेजारी काढायचा. दोन-तीन वर्षं त्यानं ते केलं. दुपारी माझ्याकडे यायचा.

आणि मग मला एक गोष्ट जाणवली. डावरा "घे" म्हणायचा, आणि मुकादम लगेच ओढायचा नाही. अर्धा श्वास थांबायचा. मी सैल झाले हे मुठीतून हाताला कळलं की मग ओढायचा. आधी मला वाटलं, वय झालं. मग मी त्याचे डोळे कुठे असतात ते पाहिलं. ते ओंडक्यावर नसायचे, माझ्यावर नसायचे. ते डावऱ्याच्या ओठांवर असायचे. मुकादमाला ऐकू येईनासं झालं होतं.

हे सगळ्यात आधी मला कळलं, आणि कितीतरी दिवस फक्त मलाच ठाऊक होतं. त्यानं ते छान लपवलं. कोणी काही म्हणालं आणि कळलं नाही, की तो हसून म्हणायचा, "छान, छान." एकदा कोणीतरी त्याला सांगितलं, "मुकादम, चहा संपला," तर म्हणाला, "छान, छान." सगळे खो खो हसले. म्हातारपणी माणूस खुशालचेंडू झाला, असं त्यांना वाटलं. घरी बायकोलाही शंका आली नाही, कारण नवरा ऐकत नाही ही काही बातमी नव्हे.

त्यानं सांगितलं का नाही, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं झालं होतं. फाटकाजवळ एका स्टुलावर एक म्हातारा बसायचा. पूर्वी थप्पीवर कामाला होता. त्याला ऐकू येईना, तेव्हा खुद्द मुकादमानंच त्याला थप्पीवरून काढून फाटकावर बसवलं होतं. बरोबरच केलं, नाहीतर एखाद्या दिवशी ओंडक्याखाली गेला असता. पण त्यानंतर त्या म्हाताऱ्याशी कोणी बोललं नाही. माणसं आत जायची, बाहेर यायची, हात हलवायची आणि पुढे निघायची. सहा वर्षं तो तसाच बसून होता. मुकादम रोज त्याच्यासमोरून ये-जा करायचा. आपलं स्टूल कुठं मांडलं जाणार, हे त्याला चांगलं माहीत होतं.

एके दिवशी सकाळी डावरा धावत वखारीत आला. मुकादम पाठमोरा उभा राहून माझ्या मुठीचा खिळा ठोकत होता. शेजारी यंत्र किंचाळत होतं. डावरा त्याच्या पाठीमागून म्हणाला, "दादा, आईला दवाखान्यात नेलंय. डॉक्टर म्हणतात, काही खरं नाही. मी आठवडाभर येत नाही."

मुकादमाला पाठीमागे कोणीतरी आहे एवढं जाणवलं. तो वळला, डावऱ्याला पाहिलं, आणि हसून म्हणाला, "छान, छान. होऊ दे."

मी दोघांच्या मधे ओंडक्यावर पडले होते. डावऱ्याचा चेहरा मला दिसत होता. जसा आला तसा निघून गेला. पाचव्या दिवशी त्याची आई गेली.

डावरा परत कामाला आला तो तोंडाला कुलूप लावून. मुकादम भेटायला घरी जाऊन आला होता म्हणे, पण तिथंही नुसता बसून राहिला, शब्द बोलला नाही. झालं. दोघांमध्ये अबोला सुरू झाला. एकमेकांचं तोंड बघणार नाही असं माणसं रागात म्हणतात ना? डावरा ते शब्दशः करू लागला. मान खाली घालून माझ्या दात्यांकडे बघत राहायचा. आणि मुकादमाला ऐकू येण्याची जागा तेवढीच उरली होती, समोरच्याचं तोंड. तीही गेली.

'घे' म्हणायचंही डावऱ्यानं सोडलं. मुकादम मात्र म्हणायचा. तो ओढायचा, सैल सोडायचा आणि हळूच म्हणायचा, "घे." पलीकडून काही नाही. पुन्हा "घे." पलीकडून काही नाही. कामात खोट नव्हती, हात इतके सरावलेले होते की काप अजूनही लोण्यासारखा यायचा. पण त्या सात महिन्यांत मी जितकी एकटी होते तितकी या भिंतीवरही नाही. दोन्ही मुठी धरलेल्या होत्या, तरीही.

काही अगदीच सांगायचं असलं की डावरा माझ्याशी बोलायचा. "अगं, तुझ्या त्या टोकाला सांग, पुढे गाठ आली आहे." "करवतीबाई, तुझ्या मालकाला म्हणावं, पातं तापलंय, पाणी मारा." वखारीतले लोक गालातल्या गालात हसायचे. साडूंचं भांडण, घरोघरी मातीच्या चुली, मिटेल आपोआप. मला मात्र ते निरोप पोचवता यायचे नाहीत. मुकादमाला दिसायची ती फक्त डावऱ्याची वाकलेली मान. आणि आपल्याला काही सांगितलं गेलं, आपण उत्तर दिलं नाही, हे त्याला कळायचंही नाही. डावऱ्याला वाटायचं, किती हा माज. इकडून निरोप, तिकडून काही नाही. मधे मी, निरोप्या असून मुकी.

मग तो दिवस आला. थप्पीच्या पलीकडे खाली बसून मुकादम मला मांडीवर घेऊन कानशीनं धार लावत होता. अलीकडच्या बाजूला डावरा होता. त्याला ओंडका काढायचा होता. त्यानं हाक दिली, "पाचर!"

मी ऐकली. मुकादमानं ऐकली नाही. कानस त्याच लयीत चालू होती.

डावरा थांबला. मी सांगते, तो थांबला. नियम त्याच्या हाडात मुरलेला होता. मग त्याला वाटलं असेल, या माणसानं सात महिन्यांत कशाचं उत्तर दिलंय, म्हणून आज देईल? कानशीचा आवाज तर येतोय, म्हणजे पलीकडं आहे, ऐकलंय, फक्त 'हो' म्हणायला जीभ वळत नाही. त्यानं गप्प राहण्याला 'हो' समजून घेतलं आणि पाचर काढली.

वरचा ओंडका सुटला. जमीन हादरली ती मुकादमाला पायातून कळली, म्हणून तो बाजूला झाला आणि जीव वाचला. पण मला ओढून घ्यायला त्यानं उजवा हात माझ्या मुठीवर टाकला होता. ओंडका तिथं येऊन थांबला. माझी मूठ फुटली, आणि मुठीबरोबर त्याची दोन बोटं गेली.

डावरा धावत आला. पांढराफटक पडला होता आणि तरी ओरडत होता, "मी हाक दिली होती! तुम्ही 'हो' का नाही म्हणालात, दादा? का नाही म्हणालात?"

सात महिन्यांनी पहिल्यांदा तो मुकादमाच्या तोंडाकडे बघून बोलत होता. मुकादमानं ते ओठ वाचले आणि सावकाश म्हणाला, "मला ऐकू येत नाही रे. दोन वर्षं झाली."

लोकांनी मुकादमाला उचलून दवाखान्यात नेलं. डावरा मागे राहिला. माझ्याशेजारी भुशावर बसला. बऱ्याच वेळानं तो पुटपुटला, "छान, छान." या वेळी तो माझ्याबरोबर निरोप पाठवत नव्हता.

दोन महिन्यांनी मुकादम वखारीत आला. हात बांधलेला. डावऱ्यानं तोवर माझ्यासाठी नवी मूठ बनवली होती. तीत त्यानं बोटांसाठी खाचा कोरल्या होत्या, चार नाही, मोजून दोन. एक अंगठ्याच्या शेजारच्या बोटासाठी, एक मधल्यासाठी. तो मुकादमाच्या समोर येऊन उभा राहिला, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असा. आणि म्हणाला, "त्या दिवशी मी पाठीमागून काय म्हणालो होतो, माहीत आहे तुम्हाला?"

"तेव्हा नव्हतं माहीत," मुकादम म्हणाला. "संध्याकाळी घरी हिनं सांगितलं, तेव्हा उमगलं. मी तुला काय उत्तर दिलं तेही उमगलं."

"मग दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं. एका शब्दानं सांगायचं."

"ते सांगायचं तर कानाचंही सांगावं लागलं असतं. मला ते स्टूल दिसत होतं." मुकादमानं फाटकाकडे पाहिलं. "भ्यालो मी. बाकी काही नाही."

डावऱ्यानंही फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई शेवटी विचारत होती, मुकादम कसा नाही आला म्हणून. मी म्हटलं, त्यांना वेळ नाही. आता हे मी कोणाला जाऊन सांगू?"

मुकादमानं मान खाली घातली नाही. डावऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तरी. "माझ्याच डब्यात जास्तीचा घास असायचा रे," तो म्हणाला. काही गोष्टी बोलल्यानं सुटतात, काही सुटत नाहीत. ही सुटली नाही. पण ती दोघांना मिळून धरता आली.

त्याच दिवशी मुकादम मालकाकडे स्वतःच्या पायांनी गेला आणि कानांचं सांगून टाकलं. डावरा मुकादम झाला, पण मी अजूनही जुन्यालाच मुकादम म्हणते. पहिल्याच सकाळी त्यानं सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाला, "आजपासून यांच्याशी पाठीमागून कोणी बोलायचं नाही. वळसा घालून समोर यायचं आणि मग बोलायचं. आणि हे फाटकावर बसणार नाहीत. माझ्यासमोर बसतील." मग तो फाटकावर गेला, तिथल्या म्हाताऱ्याचं स्टूल उचललं आणि आमच्या सावलीत आणून ठेवलं. मित्रांनो, या प्रशिक्षणाच्या खोलीत 'नेतृत्व' म्हणून बाण आणि गोल काढून दाखवतात. मला विचाराल तर मी ते स्टूल दाखवेन.

आमच्या कामाची रीत बदलली. डावरा आता 'घे' म्हणायचाच, शिवाय बोटाच्या पेरानं माझ्या पाठीवर टिचकी मारायचा. एक टिचकी म्हणजे घे. दोन टिचक्या म्हणजे थांब. ती टिचकी माझ्या अंगातून थरथरत दुसऱ्या मुठीपर्यंत जायची आणि मुकादमाच्या तीन बोटांना कळायची. इतकी वर्षं मी मुकी होते. आता माझ्यातून बोलणं जात होतं. मला तेवढा आनंद पुन्हा कधी झाला नाही.

आणखी नऊ वर्षं गेली. शेवटी शेवटी मुकादमाच्या अंगात जोर उरला नव्हता. डावराच दोघांचं ओढायचा. मुकादम नुसती मूठ धरून माझ्याबरोबर पुढे-मागे जायचा. 'काही नाही करायचं' ते काम त्याला शेवटपर्यंत छान जमलं. मग एका सकाळी तो आला नाही. डावरा मला ओंडक्यावर ठेवून उभा राहिला. माझी वाकडी मूठ धरली. पलीकडची मूठ हवेत लोंबत होती. त्यानं माझ्या पाठीवर एक टिचकी मारली आणि थांबला. पुष्कळ वेळ थांबला. मग मला पुसलं आणि खिळ्याला अडकवलं.

वखार बंद झाली. डावरा दूर गावी आपल्या लेकीकडे राहायला गेला. लेक म्हणाली, करवत घेऊन चला, आठवण राहील. तो म्हणाला, "एकट्या माणसाबरोबर हिला कशाला न्यायची?" वखारीच्या जागी ही कंपनी उभी राहिली, आणि सामान उपसताना मी कोणाच्या तरी नजरेस पडले. मग वार्निश, पाटी आणि एकोणीस वर्षं.

माझी तीन बोटांची मूठ बटणांजवळ आहे. येणारे लोक तिला हात लावून म्हणतात, ही मूठ बनवताना चुकली वाटतं.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते आणि थांबते. प्रशिक्षणाला एक बाई आल्या होत्या. कंपनीत कपाटांचे, टेबलांचे आराखडे काढतात. खोलीच्या दाराशी त्यांचे साहेब प्रशिक्षक बाईंना सांगत होते, "यांचं कामात लक्ष नसतं. सांगावं एक, करतात भलतंच. सोमवारपासून गटातून काढून कोपऱ्यातलं एकटीचं काम द्यावं म्हणतो." आराखडेवाल्या बाई त्यांच्यापासून चार पावलांवर पाठमोऱ्या बसल्या होत्या. वळल्या नाहीत. साहेब समोरून काहीतरी म्हणत गेले तेव्हा हसून म्हणाल्या, "हो, चालेल."

मी दचकले. करवतीला दचकता येत असेल तर.

प्रशिक्षक बाईंनी खेळ घेतला. दोघादोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकानं चित्राचं वर्णन करायचं, दुसऱ्यानं न बघता ते काढायचं. याला त्या संवाद म्हणतात. आराखडेवाल्या बाईंच्या पाठीमागचा गडी म्हणाला, "झाडाखाली घर, घराला दोन खिडक्या." बाईंनी कागदावर एक खुर्ची काढली. सुरेख काढली, चारही पाय अचूक. कागद सगळ्यांना दाखवला तेव्हा खोलीभर हशा पिकला. बाईही हसल्या. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "ऐकण्याची सवय लावा हं." सगळ्यांनी वहीत लिहिलं, ऐकण्याची सवय लावणे.

मी भिंतीवर होते. मला सगळं कळत होतं, पुन्हा एकदा सगळ्यात आधी, आणि पुन्हा एकदा मला सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी खोली रिकामी झाली. आराखडेवाल्या बाई मागे राहिल्या. माझ्याजवळ आल्या, पाटी वाचली, आणि तीन बोटांची मूठ धरली. त्यांची बोटं खाचांत बसेनात. मग त्यांनी शेवटची दोन बोटं दुमडली, आणि ती बसली. त्या तशाच उभ्या राहिल्या.

शिपाई खुर्च्या लावायला आला. त्यांच्या पाठीमागून म्हणाला, "बाई, दिवे घालवू का?" त्या हलल्या नाहीत. तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. त्या हलल्या नाहीत. आता हा खांदे उडवेल आणि दिवे घालवेल, असं मला वाटलं. पण त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली, वळसा घालून बाईंच्या समोर आला, आणि त्यांच्याकडे बघून सावकाश म्हणाला, "बाई, दिवे घालवू, की थांबू?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "हो, चालेल" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "थांबा थोडं. मला नीट ऐकू येत नाही, तुम्ही आणखी काही म्हणालात का आधी?"

"दोनदा म्हणालो," शिपाई म्हणाला. "काही बिघडलं नाही."

सोमवारी काय झालं ते मला ठाऊक नाही. माझी खोली चौथ्या मजल्यावर आहे, त्यांचं टेबल दुसऱ्या. पण बाईंनी ते वाक्य एकदा उच्चारलं आहे, आणि मुकादमाला तेवढ्यासाठी दोन वर्षं आणि दोन बोटं लागली होती.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कामाला लागाल. कोणीतरी उत्तर देणार नाही. ते गप्प राहणं 'हो' समजू नका आणि माजही समजू नका. उठा, वळसा घाला, समोर जाऊन उभे राहा. आणि तुम्हालाच ऐकू आलं नाही, कळलं नाही, तर 'छान, छान' म्हणू नका. आणि हो, कधी या खोलीत आलात आणि प्रशिक्षक बाई पुन्हा म्हणाल्या 'दुसरा ढकलतो', तर हात वर करून सांगा की ढकलत नाहीत.

एवढं माझ्याकडे होतं. माझं ओढून झालं, आता मी सैल सोडलं आहे. घे.